होळीचा मान

दामूशेठचा थोरला मुलगा राजेश गेल्या आठवड्यात घरी येऊन गेला. पांढरी गाडी त्याने रस्त्यावरच ठेवली, चपला पायरीखाली काढल्या, माझ्या आईच्या पाया पडला आणि चहा घेता घेता म्हणाला की बाबांच्या नावाने खालापूरला काहीतरी चांगलं उभं करायचं आहे. हायवेजवळ त्यांचा एक गाळा रिकामा आहे, वर दोन मोठ्या खोल्या आहेत, नशा सोडू पाहणाऱ्या पोरांना तिथे ठेवता येईल, डॉक्टर अधूनमधून येतील, आणि हे सगळं मी बघावं. दारावर बाबांच्या नावाची पाटी लागावी, तेवढीच घरच्यांची इच्छा. मी कित्येक वर्षं अशा जागेसाठी वणवण करतोय. कधी समाजमंदिरात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी एखाद्या मिटलेल्या दुकानाच्या शटरमागे पोरांना घेऊन बसतो, आणि त्यातली कितीतरी पोरं केवळ राहायला दुसरी जागा नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा आपल्या जुन्या टोळक्यात जाऊन बसतात. बाबांच्या पाटीची गोष्ट मी राजेशला पुन्हा एकदा सांगायला लावली. त्याला वाटलं, वयामुळे ऐकू आलं नसेल. मला राग आला होता. विचार करून सांगतो म्हणालो, त्याला गाडीपर्यंत सोडलं, आणि परत येऊन हे प्रकरण लिहायला बसलो. दामूशेठ कोण होता हे एकदा कागदावर उतरवल्याशिवाय मला त्या पोराला हो किंवा नाही काहीच सांगता येणार नव्हतं.

आमचं घर पोशीरात, रस्त्याच्या खालच्या अंगाला, तीन बाजूंनी भातशेती. पावसाळाभर बेडकांचा गलका आणि उरलेलं वर्ष भाताचा वास, हे माझं लहानपण. पडवीच्या आतल्या अंगाला माणसाहून उंच अशी बांबूची कणगी होती, शेणाने लिंपलेली. वर्षाचं भात तिच्यात असे. तिला पाठ लावून बसलं की थंड वाटायचं, आणि कान लावला तर आत उंदरांची खसखस ऐकू यायची. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायचे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की बाबा बांधावर मडकं लावून पोपटी करायचे, आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडवट वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहायचा. रोजच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि सुकट, पाहुणा आला तर बिरडं. बिरड्याचे वाल सोलायचं काम आईचं. ती सोलत बसली की ती घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नसे, इतकी ती गप्प. माझी आई कधी ओरडली नाही. कोंबड्यांनासुद्धा ती हळूच बोलवायची आणि त्या यायच्या. बाबांशी तिचं भांडण झालंय हे आम्हाला ताटातल्या भाकरीवरून कळायचं, ती जरा जाड यायची. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे घडलं ते या बाईच्या तोंडून घडलं.

शेजारचं घर काशीकाकूंचं. त्यांचे मालक लवकर वारले होते आणि पांडू हा एकुलता एक मुलगा. पांडू आणि मी एका दिवसाच्या फरकाने जन्मलो, असं दोन्ही आया सांगायच्या आणि आधी कोण यावर वाद घालायच्या. काकूंच्या घराला गावात होळीचा मान होता. पिढ्यान् पिढ्या गावच्या होळीला पहिली चूड त्या घरातला पुरुष लावी. वडील गेल्यावर तो मान पांडूकडे आला तेव्हा तो एवढासा होता. पेटती चूड त्याच्या हाताला जड व्हायची आणि मागून मी त्याचं कोपर धरायचो. आमच्या होळीची एक रीत होती. चूड लावायच्या आधी पुरुष बोंब मारत, तोंडावर उलटा हात मारून, आणि बोंब मारायची ती कुणाचं तरी नाव घेऊन. कुणी बांध सरकवलेला असे, कुणी दुसऱ्याच्या बकऱ्या कोंडलेल्या असत, कुणाची आणखी काही भानगड, ते सगळं त्या वेळी होळीपुढे निघायचं. ज्याचं नाव निघालं त्याने राग धरायचा नाही. हसून ऐकायचं. राग धरला तर त्याच्या घरी गाव वर्षभर पाणी पीत नसे. बायका नैवेद्य दाखवून मागे उभ्या राहात आणि पदराआड हसत. बाईने बोंब मारलेली कुणी ऐकली नव्हती.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कुंभिवलीला कामाला लागलो, हायवेच्या कडेला, ट्रकमध्ये माल चढवायला. तिथे माणसं पुरवण्याचा आणि कंपन्यांमधलं भंगार उचलण्याचा ठेका दामूशेठकडे होता. तो आमच्याच गावचा, घर सोडून हायवेला धंद्याला लागलेला. तेव्हा तिशीतला असेल. गोरा, गोड बोलणारा, सगळ्यांच्या आयांची चौकशी करणारा. गावच्या कबड्डी संघाला त्याने बनियन दिली, अंडी दिली, दूध दिलं. पांडू चढाईला जायचा आणि मी कोपऱ्यात पकड करायचो. दिवसभर गोण्या आणि संध्याकाळी मैदान, त्यात माझा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी कामावर हात वर जाईना. दामूशेठने मला त्याच्या टपरीमागे नेलं, स्टुलावर बसवलं, आणि गर्दची एक पुडी काढून म्हणाला, "घे रं मध्या. खांदा हलका व्हईल. डाक्टर काय येगळं देतोय?" खांदा हलका झाला, हे खरं आहे. मी शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा हे लपवत नाही. पोरांना वाटतं की पहिल्यांदा देणारा माणूस राक्षसासारखा दिसत असेल. मी त्यांना सांगतो, तो तुमच्या आईची तब्येत विचारतो. आठवड्याभरात पांडूही माझ्याबरोबर त्या टपरीमागे बसू लागला. त्याला तर काही दुखतसुद्धा नव्हतं.

मग आम्ही दामूशेठची पोरं झालो. असंच म्हणायचे सगळे, दामूशेठची पोरं. कर्जत-खालापूरकडच्या जमिनींना तेव्हा गिऱ्हाईक यायला लागलं होतं, आणि एखादा म्हातारा सही करेना तर आम्ही जाऊन त्याच्या बांधावर नुसतं बसायचं. काही बोलायचं नाही, पाणी मागायचं, दिवसभर बसायचं. दुसऱ्या ठेकेदाराची माणसं भंगाराच्या गेटवर आली तर त्यांना झोडायचं. त्याबदल्यात संध्याकाळी पुडी. कबड्डी सुटली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण संघातली अर्धी पोरं आमच्याबरोबरच होती. तेवढी पुडी पुरेना म्हणून भात विकायला घरची कणगी मी खालून भोक पाडून रिकामी करत होतो, वरचं लिंपलेलं झाकण तसंच ठेवून. आईला ते कळत होतं. ती रोज कणगीला पाठ लावून वाल सोलायची, तिला पोकळी ऐकू येत नसेल असं कसं म्हणू?

पांडू पौषात गेला. वाल फुलावर होते. सकाळी काशीकाकू शेतावर गेल्या तर तो बांधाच्या आडोशाला कुशीवर निजलेला, फुलांत तोंड घालून. त्यांना वाटलं झोपलाय. त्यांनी त्याला उन्हात ओढून बसवलं, अंग चोळलं, आणि मग त्यांची किंकाळी आमच्या पडवीत ऐकू आली. मयताला दामूशेठ सगळ्यांच्या आधी हजर. लाकडं त्याने आणवली. तिरडीला पहिला खांदा त्याने दिला, आणि इतका रडला की लोकच त्याला धरून सावरायला लागले. "माझा चढाईवाला गेला," म्हणत होता. मी त्याच्या मागे चालत होतो आणि मला फक्त हे आठवतं की माझ्या खिशात त्याच सकाळी त्यानेच दिलेली पुडी होती. आई बायकांत उभी होती. ती रडत नव्हती. ती दामूशेठच्या खांद्याकडे बघत होती, तिरडीच्या दांड्याखालच्या त्या खांद्याकडे, आणि तिची नजर स्मशानाच्या वळणापर्यंत तिथून हलली नाही. आज मागे वळून बघताना मला वाटतं की तिने त्या दिवशीच ठरवलं असावं. विचारलं तर सांगत नाही.

शिमगा आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की मान आता कुणाचा. काशीकाकूंच्या घरात पुरुष उरला नव्हता. गावातली जाणती माणसं बसली आणि त्यांनी मान दामूशेठला दिला. देवळाचे पत्रे त्याने घातले होते, पोरांचं मैदान त्याने केलं होतं, आणि पांडू त्याला मुलासारखा होता, असं कारण दिलं. ज्या माणसाने घरातला शेवटचा पुरुष मारला त्यालाच त्या घराचा मान. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं असेल, पण पत्रे नवे होते.

होळीच्या दिवशी दिवेलागणीला सगळा गाव मैदानावर जमला. सावरीचं झाड उभं केलेलं, भोवती गवत आणि गोवऱ्या. बायकांनी पुरणपोळीचे नैवेद्य दाखवले, पाणी फिरवलं, नारळ ठेवले. दामूशेठ पांढरा सदरा घालून आला होता. आम्ही त्याची पोरं त्याच्या मागे रांगेत. कुणीतरी चूड पेटवून त्याच्या हातात दिली, पुरुषांनी बोंबेसाठी हात तोंडाशी नेले, आणि तेवढ्यात आई बायकांतून बाहेर आली आणि होळी आणि दामूशेठ यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"थांब दाम्या," ती म्हणाली. तोवर ती त्याला शेठ म्हणत असे. "बोंब झाल्याबिगर चूड लागत नाय. पयली बोंब माजी."

जाणत्यांतला एकजण पुढे आला. "वयनी, बायांनी बोंब मारायची रीत नाय आपल्यात."

"पोरं मारायची तरी रीत कवा व्हती?" आईने विचारलं, आणि त्याच्याकडे न बघता तोंडावर उलटा हात मारला. तो आवाज माझ्या आईचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. इतकी वर्षं न वापरलेला आवाज होता तो, फाटका आणि जाड. "दाम्यानं पांडूला पावडर दिली. दाम्यानं पांडूला मारला. वर खांदा दिला. दाम्याच्या नावानं बोंब रं."

चूड दामूशेठच्या हातात जळत होती. त्याला राग धरता येत नव्हता, रीतच तशी होती, आणि सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. म्हणून तो हसला. ते हसू मी अजून जपून ठेवलंय. नंतरच्या आयुष्यात जेव्हा जेव्हा माझं मन पातळ व्हायला लागलं तेव्हा मी ते काढून बघितलंय. हसता हसता ओठ न हलवता तो मला म्हणाला, "मध्या, आयेला घरी ने. तमाशा नको."

मी गेलो. सांगितलं की जायचं, तेवढंच मला तेव्हा येत होतं. आईचं मनगट धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणूस आपल्या अंगाला लागला की बाई जशी बघते तशी. मग माझ्या तोंडासमोर, मी मनगट धरलेलं असताना, दुसऱ्या हाताने तिने तोंडावर हात मारला. "माज्या मध्यानं घरातली कणगी खाल्ली. पांडूचा दोस्त म्हनवतो आनि पांडूच्या खुन्याच्या मागं हुबा ऱ्हातो. मध्याच्या नावानं बोंब." माझा हात आपोआप सुटला. त्याच वेळी मागून दुसरा आवाज आला. काशीकाकू खाली बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी तोंडावर हात मारला होता. मग तिसरा, मग सगळ्याच बायका. ज्यांची पोरं रांगेत माझ्या शेजारी उभी होती त्या सगळ्या. पुरुषांचे हात तसेच तोंडाशी राहिले होते. त्यातले काही बोंब मारू लागले, काही खाली आले. माझे बाबा बोंब मारू लागले, हे मी पाहिलं.

आईने दामूशेठच्या हातातून चूड काढून घेतली. त्याने दिली. ती तिने काशीकाकूंच्या हातात ठेवली. "तुज्या घराचा मान हाय. लाव." काकूंच्या हाताला चूड जड झाली. कुणीतरी त्यांचं कोपर धरायला हवं होतं, ते काम माझं होतं, आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. आईने धरलं.

दुसऱ्या दिवसापासून मला आतल्या खोलीत ठेवलं. बाबा दाराशी आडवे पडले. हाडं मोडत होती, पोटात पेज ठरत नव्हती, मी आईला अशा शिव्या दिल्या की लिहू शकत नाही. आई दार उघडून पेजेचा वाडगा आत सरकवायची आणि एकच सांगायची, "मरू नकोस. तू मेलास तर दाम्या परत खांदा देईल." आज मी कुणालाही असं कोंडू देत नाही. पोराला आधी सरकारी दवाखान्यात नेतो, डॉक्टर सांगतील तसं करतो, आईबापांनाही तेच बजावतो. पण त्या खोलीत मला त्या वाक्याने धरून ठेवलं. माझ्या तिरडीच्या दांड्याखाली त्याचा तो गोरा खांदा मला दिसायचा, आणि मी पेज गिळायचो. पुढे घसरलो, पुन्हा उठलो, पुन्हा घसरलो. उठताना दर वेळी तो खांदाच समोर होता. कॉलेजातले सर मला म्हणतात, मुलांना प्रेमाचं सांगा, सकारात्मक सांगा. सांगतो. पण मुलं एकटी भेटली की खरं सांगतो, की माझी सुटका सुडाने केली, आणि तुमच्याकडे प्रेम नसेल तर राग चालेल, फक्त तो ज्याच्यामुळे आहे त्याच्यावरच ठेवा, स्वतःवर उधळू नका.

सूड म्हणून मी एकच काम केलं. दामूशेठची पोरं मी त्याच्या टपरीवरून उचलत गेलो. एकेकाला गाठायचं, चहाला न्यायचं, पांडूची गोष्ट सांगायची. एक पोर सुटलं की दुसरं हेरायचं. त्याने मला दोनदा मारायला माणसं पाठवली. दुसऱ्या वेळी आली त्यातला एक आज कर्जतला माझ्याबरोबर बसतो आणि नव्या पोरांना दवाखान्यात घेऊन जातो. पण दामूशेठला मी पाडू शकलो नाही. त्या होळीनंतर तो गावात राहिला नाही, खालापूरला गेला, तिथे मोठा झाला. गर्द गेलं, गोळ्या आल्या, आता आणखी काय काय येतं. त्याचा हात कधी कुणाला दिसला नाही. चौकात त्याचे वाढदिवसाचे फलक लागायचे, त्यावर तेच हसू. मागच्या पावसाळ्यात भरल्या घरात, स्वच्छ चादरीवर तो गेला. मी बातमी ऐकली आणि जेवलो नाही. दुःख नव्हतं, माझं सावज माझ्या हातून निसटलं होतं.

राजेश वाईट नाही. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्या होळीच्या वेळी तो कडेवर होता, त्याला काही माहीत नाही. बाप देवमाणूस होता असंच त्याला घरात सांगितलं गेलं. रात्रंदिवस मी त्या पाटीचा विचार केला. पांडूच्या मारेकऱ्याचं नाव डोक्यावर घेऊन पोरांना उपदेश करायचा? जागा नाकारावी तर ती पोरं पुन्हा रस्त्यावर. शेवटी आईला विचारलं. ती आता पडवीतच असते, डोळे अधू झालेत, हाताला सवय म्हणून वाल सोलते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाम्याचं नाव आता होळीला कोन घेतं रं?"

"कोन नाय गं. इसरले सगळे."

"मंग?" ती म्हणाली, आणि वाल सोलू लागली.

तेव्हा मला उत्तर मिळालं. बोंब मारायची तर नाव लागतं. माझ्यानंतर, आईनंतर पांडू कुणी मारला हे सांगायला कोण उरणार होतं? दारावर नाव असेल तर येणारं प्रत्येक पोर विचारणार, हे कोण. मी त्याला पाटीखाली उभं करून सांगणार. मी नसेन तेव्हा माझी पोरं सांगतील. जोवर ती पाटी आहे तोवर.

काल राजेश पुन्हा आला. मी हो म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. पाटी कशी करू म्हणाला, तर मी सांगितलं, नाव पूर्ण घाल, वडिलांच्या नावासकट, गावासकट, आणि हायवेवरून वाचता येईल एवढं मोठं. एकच अट घातली, जागेचे कागद आधी पक्के करून केंद्राच्या नावावर द्यायचे, ती पुन्हा मागायची नाही. तो कबूल झाला. पुन्हा आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, उद्घाटन तुमच्या हातून करायचं. तुमीच सांगा, कोणता दिवस धरू?"

आईने वालाची टोपली बाजूला सारली, पदराने हात पुसले, आणि त्याच्या डोक्यावर एक हात ठेवला.

"शिमग्याला धर," ती म्हणाली.